तिसरी पिन

2018 च्या फेब्रुवारीतील ही गोष्ट. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या महामस्तकाभिषेकाचा सोहळा सुरू झाला होता आणि मुख्य अभिषेकाला 17 तारखेला, शनिवारी, 108 कलशांनी आरंभ व्हावयाचा होता. सदाशिव पेठेत, पेरूगेटाजवळच्या एका जुन्या इमारतीत राहणाऱ्या आक्का त्या दिवसाची वाट पाहत होत्या. आक्का मूळच्या सांगलीकडच्या. 1981 साली, मूर्तीच्या प्रतिष्ठापनेला हजार वर्षे झाली तेव्हा, त्या सासूबाईंचा हात धरून विंध्यगिरी चढल्या होत्या. 1993 साली मुलांना घेऊन गेल्या. 2006 साली गुडघे कुरकुरत होते, तरी सहाशेहून अधिक पायऱ्या त्यांनी अनवाणी, बसत-उठत पार केल्या. आता वयाची पंचाहत्तरी उलटली होती आणि घरचा जिनाही डोंगराएवढा झाला होता. जैन वाहिन्यांवरील थेट प्रक्षेपण हाच त्यांचा विंध्यगिरी. आणि नेमका 8 तारखेच्या रात्री दूरचित्रवाणी संच ‘फट्’ असा आवाज करून बंद पडला.

नातवाने दुसऱ्याच दिवशी नवा संच आणण्याची तयारी दाखविली. त्याच्या दृष्टीने प्रश्न अर्ध्या तासाचा होता. आक्कांनी परिग्रहपरिमाणाचे व्रत घेतलेले; घरात एक वस्तू येणार असेल तर आधीची का जाते आहे, हे त्यांना कळावे लागे. त्या एवढेच म्हणाल्या, “बिघडलंय काय ते तरी आधी बघू दे.”

कुमठेकर रस्त्याच्या आतल्या गल्लीत, एका वाड्याच्या ओसरीवर चाळीस वर्षे दुरुस्ती करणारे एक गृहस्थ आहेत. संच त्यांच्याकडे गेला. त्यांनी मागचे झाकण काढले, प्रथम मोठा कपॅसिटर रिकामा केला (घरातील 230 व्होल्टचा प्रवाह एकदिश झाल्यावर तेथे सुमारे 325 व्होल्टचा दाब साठतो, आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो) आणि मगच बोट आत घातले. फ्यूज उडाला होता, मॉसफेट आरपार शॉर्ट झाला होता आणि त्याला चालविणारी सहा पिनांची लहानशी आयसी मधोमध तडकली होती. फ्यूज आणि मॉसफेट कुठेही मिळतात. प्रश्न त्या आयसीचा होता.

पूर्वीच्या संचांत आयसीच्या पाठीवर तिचा पूर्ण क्रमांक ठसठशीत छापलेला असे. या नव्या आयसीची लांबी तीन मिलिमीटर आणि रुंदी त्याच्या निम्मी. त्यावर पूर्ण नाव मावणार कसे? म्हणून कारखाने चार-पाच अक्षरांची खूण छापतात. तीत काही अक्षरे मालाची ओळख सांगतात, तर काही केवळ तो कधी तयार झाला ते सांगतात. येथे तर तडकल्यामुळे पुढची अक्षरे उडाली होती आणि शेवटची तेवढी भिंगाखाली दिसत होती. त्यांवरून शोध घेण्यात दुरुस्तीकारांचे दोन दिवस गेले. ती अक्षरे तारखेची होती, हे नंतर लक्षात आले. माणसाच्या जन्मतारखेवरून त्याचे नाव शोधण्यासारखाच हा प्रकार.

मग त्यांनी नावाचा नाद सोडला आणि कामावरून ओळख पटविण्यास घेतली. बोर्डावरची तांब्याची प्रत्येक वाट मीटर लावून तपासली. पहिली पिन ग्राउंडला जात होती. दुसरी ऑप्टोकपलरकडे, म्हणजे बाहेर पडणारा दाब कमी-जास्त झाल्याचा निरोप येथे येत असणार. चौथी पिन एका अत्यंत लहान रोधापर्यंत, म्हणजे ती मॉसफेटमधील प्रवाह मोजणारी. पाचवीवर आयसीचा स्वतःचा पुरवठा, सहावीवरून मॉसफेटला आज्ञा. येथपर्यंत चित्र स्वच्छ होते. तिसऱ्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत एक बारीक भाग जोडलेला होता. मीटरने तो 100 किलोओहम दाखविला. अशा मांडणीच्या काही आयसींत तिसऱ्या पिनेवर 100 किलोओहमचा रोध लावला की आयसी सेकंदाला सुमारे 65 हजार वेळा चालू-बंद होते, हे त्यांना ठाऊक होते. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत तशी आयसी सहज मिळाली. दुकानदारही म्हणाला, “काका, सगळ्यांत हीच चालते.”

मंगळवारी, 13 तारखेला, सिरीजमध्ये दिवा लावून त्यांनी बोर्डाला वीज दिली. दिवा क्षणभर लखलखला आणि मंदावला. तेथे सारे ठीक असल्याची हीच खूण. पडदा उजळला. नातू घ्यायला आला, तेव्हा त्यांनी सांगितले, “दोन तास झाकून चालू ठेवतो, मग न्या.” नातवाला ते अनावश्यक वाटले असणार. चाळीसाव्या मिनिटाला मॉसफेटच्या पट्टीला बोट लावता येईना. त्यांनी संच बंद केला आणि नातवाला रिकाम्या हाताने परत पाठविले.

येथे तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायातील मतिज्ञानाच्या चार पायऱ्या आठवतात: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत दिलेला दाखला स्वाध्यायमंडळात अनेकांनी ऐकलेला असेल. दूरवर पांढरे काही दिसते, हा अवग्रह. ती बगळी की पताका, हे जाणण्याची ओढ म्हणजे ईहा. पंखांची हालचाल पाहून ती बगळीच, असा निर्णय होतो तो अवाय. आणि तो निर्णय विसरला जात नाही ती धारणा. दुरुस्तीकारांनी तिसऱ्या पिनेवर पांढरे पाहिले आणि पंख हलण्याची वाट न पाहता पताका म्हणून मोकळे झाले होते. बँकेत धनादेशावरची सही नमुन्याच्या सहीशी ताडताना पहिले अक्षर जुळले म्हणून कोणी पैसे देत नाही. पण गर्दीच्या दिवशी हात पुढे होतोच.

त्या रात्री त्यांनी तो बारीक भाग पुन्हा भिंगाखाली धरला. 100 किलोओहमचा साधा रोध असता तर त्यावर ‘104’ हा आकडा छापलेला दिसायला हवा होता. पाठ कोरी होती. त्यांनी मीटर जोडला आणि तापलेले सोल्डरिंग आयर्न नुसते जवळ नेले. आकडा उतरू लागला. 90, 70, 50. तो रोध नव्हताच. तो थर्मिस्टर होता, उष्णता वाढली की ज्याचा अवरोध घटतो असा. थंड असताना तो 100 किलोओहम दाखवी, साठ अंशांपर्यंत तापला की जवळपास चौथ्या हिश्श्यावर येई. म्हणजे मूळ आयसीची तिसरी पिन वेग ठरविण्यासाठी नव्हतीच. बोर्ड फार तापला तर संच बंद करण्यासाठी होती. नव्या आयसीने त्या थर्मिस्टरलाच वेगाचा रोध मानले. संच जसजसा तापला, तसतसा तिचा वेग वाढला. वेग वाढला तसा मॉसफेट अधिक तापला. संच मंगळवारीच घरी गेला असता, तर ऐन अभिषेकाच्या वेळी तो पुन्हा विझला असता, आणि या खेपेस मेन बोर्डही बरोबर गेला असता.

पुढचा शोध दुकानात नव्हता, भंगारात होता. त्यांच्या ओसरीवर निकामी बोर्डांनी भरलेले तीन पत्र्याचे डबे आहेत. घरची माणसे ते फेकून द्या म्हणून वर्षानुवर्षे सांगतात. बुधवारी दिवसभर त्यांनी एकेक बोर्ड काढून फक्त तिसरी पिन पाहिली. संध्याकाळी दुसऱ्याच बनावटीचा एक बोर्ड हाती लागला: तिसऱ्या पिनेवर तसाच कोरा थर्मिस्टर, बाकीच्या पाचही वाटा तंतोतंत तशाच, आणि आयसी शाबूत. तिच्यावरची पुढची अक्षरे त्यांनी टिपून घेतली. तडकलेल्या आयसीचा उरलेला तुकडा त्यांनी कागदावर जपून ठेवला होता. त्यावर फुटक्या कडेशी एका अक्षराची अर्धी रेघ उरली होती. ती जुळली. गरम हवेच्या गनने आयसी उतरवून त्यांनी ती आक्कांच्या संचात बसविली. या वेळी संच चार तास झाकून चालविला. पट्टी कोमट राहिली.

शुक्रवारी ते स्वतः संच घेऊन आले. नातवाने पैसे विचारले. त्यांनी मॉसफेट, फ्यूज आणि मजुरी एवढेच धरले. आयसीचे काय, असे विचारता म्हणाले, “विकत आणलेली चुकीची होती, ती माझी चूक. बसवलेली भंगारातली आहे, तिचे काय घ्यायचे?” आक्कांनी त्यांना बसवून घेतले, उकाळा दिला आणि नेमके काय बिघडले होते ते विचारले. त्यांनी सगळे सांगितले, आधीच्या चुकीसकट. आक्कांना पिना कळल्या नसाव्यात, पण त्यांनी मधे थांबवून दोनदा विचारले, “आणि तापवल्यावर आकडा उतरला?”

शनिवारी घरातील सर्वजण संचापुढे बसले होते. दुधाची धार मस्तकावरून उतरू लागली तेव्हा आक्कांनी हात जोडले. मग नातवाला जवळ बोलावून त्या म्हणाल्या, “मागे हात लावून बघ रे, तापलाय का.” तो उठला, पाहून आला आणि म्हणाला, “नाही आक्का, कोमट आहे.”

ओसरीवरच्या दुरुस्तीकारांच्या वहीत त्या तारखेखाली सहा पिनांची एक लहान आकृती आहे. तिसऱ्या पिनेपुढे ‘थर्मिस्टर’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत, आणि बाजूला तपकीर गल्लीतील त्या आयसीचा क्रमांक लिहून पुढे ‘येथे चालत नाही’ असे नोंदविले आहे.