मेल्यावर एक लाख. आणि त्याआधी?

शेतकऱ्याने जीव दिला की आम्हा तालुक्याच्या पत्रकारांची बातमी साच्यातली असते. वय, किती एकर, कोणत्या बँकेचं किती कर्ज. शेवटी 'पश्चात पत्नी, दोन मुले'. मग गावात एकच चर्चा उरते, केस पात्र की अपात्र?

पात्र ठरली तर एक लाख. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव. २००५ च्या शासन निर्णयापासून आकडा तोच. खताची गोणी कुठल्या कुठे गेली, हा जागचा हलला नाही. त्यातही सातबारा, कर्ज, थकबाकी सिद्ध करा. बाई आयुष्यभर शेतात राबली, पण घरात कुणाच्याच नावावर जमीन नसेल तर ती शेतकरीच नाही!

पण मला बोलायचंय ते त्याआधीच्या पैशाबद्दल. २०१५ मध्ये सरकारने 'प्रेरणा प्रकल्प' आणला, विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी. कल्पना खरंच चांगली. आशाताईंनी घरोघरी विचारायचं, झोप लागते का, जगणं नकोसं वाटतं का. ज्याला त्रास आहे त्याला उपचाराला पाठवायचं. तरीही २०२२ मध्ये एनसीआरबीच्या अहवालात देशातल्या शेतकरी-शेतमजूर आत्महत्या ११,२९०. त्यातल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रात.

अडतं कुठं? आशाताई ओट्यावर बसून विचारणार, शेजारी बाप, बायको, दोन पोरं. कोण सांगेल खरं? आणि सांगितलंच, तरी मानसोपचार तज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, आणि गोळ्या काही एका दिवसाच्या नसतात. दुसऱ्या महिन्यात माणूस जातच नाही.

आमचे काही मित्र चिडून म्हणतात, गोळ्यांनी कपाशीला भाव मिळणार आहे का? नाही मिळणार, बरोबरच आहे. भावाची लढाई सोडायची नाहीच. पण ती लढाई या हंगामात संपत नाही, आणि ज्याला महिनाभर झोप नाही त्याच्याकडे पुढच्या हंगामापर्यंत वेळ नसतो.

म्हणून एक काम करा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, नैराश्याची गोळी इथे मिळते का, समुपदेशक कोणत्या वारी येतो. काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा, गावाच्या नावासकट. तालुक्याची यादी झाली की मी बातमी करतो.

आणि हे नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. टेलिमानस १४४१६, आरोग्य सल्ला १०४. दोन्ही फुकट. मराठीत बोलता येतं.