कात्री कोणाच्या हाती

मार्च 2020 मध्ये अप्पांचे दिवसकार्य आटोपून आम्ही दोघी बहिणी राजापूरहून परतणार होतो. 24 मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि भरलेल्या बॅगा पुन्हा उघडाव्या लागल्या. लग्नानंतर माहेरी इतके सलग राहणे प्रथमच घडत होते, आणि तेही अप्पा नसताना.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी आई न्हाणीघरातून बाहेर आली ती मानेपर्यंतच्या केसांनी. एका हातात कापडाची कात्री, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली वेणी. डावीकडचे केस हनुवटीशी, उजवीकडचे त्याहून दोन बोटे वर. आम्ही काही बोललो नाही. जे सुचले ते तिच्यासमोर उच्चारण्याजोगे नव्हते.

साहित्य शिकवणाऱ्यांचे हे एक दुर्दैवच म्हणायचे, की घरात काही घडले तरी आधी पुस्तक आठवते. आम्हा दोघींना हरिभाऊ आपट्यांची यमू आठवली. वैधव्यानंतर तिचे बळजबरीने केशवपन करणारी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. त्याच साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. वर्गात हे दोन प्रसंग आम्ही शेजारी शेजारी ठेवून शिकवतो. आमच्या घरातली पणजी मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे आलवणातच वावरली आणि आलवणातच गेली. आईने तिला पाहिलेले होते. नवरा जाऊन महिना उलटतो न उलटतो तोच त्याच घरातल्या आणखी एका बाईचे केस उतरले होते. आमचे मन नको तिथे धावले.

“का केलंस गं हे?” अखेर आमच्यापैकी एकीने विचारले.

“अगो, खांदा वर जात नाही दोन वर्षं. वेणी हे घालायचे.”

हे आम्हाला ठाऊक नव्हते. दोन वर्षे आठवड्याला फोन होत होता. औषधे, वीजबिल, आंबा सगळे बोलून होत होते. ज्यांनी स्वतःच्या सदऱ्याचे तुटलेले बटण कधी लावले नाही, ते अप्पा रोज सकाळी आईच्या केसांचे तीन पेड घालत होते, हे मात्र दोघांपैकी कोणीच बोलले नव्हते.

“मग आम्हाला सांगायचंस. आहोत ना आम्ही.”

“आहात, आणि जाल. पाणी चढायच्या आधीच चौकातले लोक माल माडीवर टाकतात.”

अर्जुना आणि कोदवली फुगल्या की राजापूरच्या जवाहर चौकात पाणी शिरते. तिथल्या माणसाला याहून अधिक समजावून सांगावे लागत नाही.

यमूच्या डोक्यावरचा वस्तरा दुसऱ्यांनी ठरवलेला होता. आईची कात्री तिची स्वतःची होती. पण म्हणून या कृत्याला लगेच मुक्ती म्हणण्याची घाईही आम्हाला करवत नाही. केस तिला जड झाले नव्हते, ते विंचरणारा हात गेला होता. वेणी तिने टाकून दिली नाही. तो कागदाचा पुडा तिच्या पैठणीखाली ठेवलेला आम्ही पुढे पाहिला.

पार्लरे बंद होती. उरलेले काम आमच्यावर आले. स्वतःचे केस स्वतः कापताना आरशात डावे-उजवे उलटते, आणि मागचे तर दिसतच नाही. ओले केस वाळले की आखडतात, म्हणून हवे त्याहून बोटभर लांब ठेवावे लागतात. हे आम्हाला केस वाळल्यावर कळले. डावी बाजू उजवीइतकी, मग उजवी डावीइतकी, असे करता करता केस कानाच्या पाळीशी आले. आई आरशात पाहून हसली, महिन्याभरात प्रथमच. मे महिन्यात आम्ही एकमेकींचेही केस कापले, तेव्हा सूचना देण्याचे काम तिच्याकडे होते.

28 जूनला राज्यात सलून उघडली. पुढे आम्ही निघालो, तेव्हा पार्लरमध्ये जाण्याचा आमचा सल्ला तिने नुसता ऐकून घेतला. न्हाणीघरात आता दोन आरसे समोरासमोर आहेत. त्यांतला एक अप्पांचा दाढीचा आहे. मानेमागचे केस तिला त्याच्यात दिसतात.