मुदतीचे पैसे

'क्रेडिट' या शब्दासाठी मराठीत 'पत' हा जुना आणि वजनदार शब्द आहे. पत म्हणजे दुसऱ्याने आपल्यावर टाकलेला विश्वास. वाण्याच्या वहीत आपल्या नावापुढे महिनाअखेरपर्यंत आकडे चढत राहत, त्यामागे ही पतच असे. विमान कंपनी मात्र तिकीट रद्द झाल्यावर 'आपल्या नावे इतके क्रेडिट जमा आहे' असे कळवते, तेव्हा या व्यवहाराची दिशा नकळत उलटलेली असते. इथे उधार देणारे आपण असतो आणि घेणारी कंपनी; तरीही फेडीची मुदत, जागा आणि अटी ऋणकोच ठरवतो. सुटे पैसे नाहीत म्हणून दुकानदाराने हातावर ठेवलेल्या गोळीशी याचे नाते अधिक जवळचे. गोळी रुपयाचीच असते. पण तिने दुसऱ्या दुकानात काही विकत घेता येत नाही.

एरवी हा व्यवहार साधा दिसतो. प्रवाशाने आपण होऊन तिकीट रद्द केले, तर रद्द करण्याचे शुल्क वजा होऊन उरलेली रक्कम परत मिळते किंवा जमा राहते. तारीख बदलली, तर बदलाचे शुल्क आणि जुन्या-नव्या भाड्यातला फरक भरावा लागतो. स्वस्त तिकिटात शुल्क वजा जाता फारसे काही उरतच नाही. मात्र सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के हे कंपनीचे उत्पन्न नव्हे. त्यामुळे परतावा न मिळणाऱ्या तिकिटावरही ती परत करावीत, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे बंधन आहे. रक्कम 'क्रेडिट शेल'मध्ये ठेवायची की परत घ्यायची हा अधिकार प्रवाशाचा आहे, कंपनीने तो परस्पर वापरू नये, हेही त्याच नियमावलीत आहे. खरी मेख मुदतीत असते. ती कुठे रद्द केल्याच्या दिवसापासून मोजतात, तर कुठे मूळ तिकीट काढल्याच्या. कुठे मुदतीत नवे तिकीट काढले की पुरते, तर कुठे प्रवासही तेवढ्यातच उरकावा लागतो.

२५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमाने जमिनीवर उभी राहिली, तेव्हा हा आजवर बारीक अक्षरांत राहिलेला शब्द घरोघरी पोहोचला. प्रवासी लीगल सेल या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी आदेश दिला. टाळेबंदीपूर्वी काढलेल्या, पण टाळेबंदीतल्या प्रवासाच्या तिकिटांचे पैसे पंधरा दिवसांत परत करावेत. आर्थिक अडचणीमुळे ते शक्य नसेल, तर ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल असे क्रेडिट द्यावे. ते कोणत्याही मार्गावर चालेल, दुसऱ्याच्या नावे करता येईल, त्याचे मूल्य जून २०२० अखेर दरमहा अर्धा टक्का आणि पुढे पाऊण टक्का वाढेल, आणि तरीही ते वापरले गेले नाही तर मुदतीअखेर रक्कम परत करावी लागेल. उधारीवर व्याज असते, एवढी साधी गोष्ट या आदेशाने मान्य केली, हे मला फार मोलाचे वाटते.

आमच्या घरी असे एक क्रेडिट आईच्या नावे होते. तिने तोवर विमान आतून पाहिलेले नव्हते. एप्रिल २०२० मध्ये तिला काशीला न्यायचे ठरले होते. क्रेडिट शेल म्हणजे काय हे मी तिला बराच वेळ समजावले. ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे पैसे त्यांच्याकडेच. आपल्याकडे नुसता निरोप." याहून नेमकी व्याख्या मला पुढे कुठल्याही नियमावलीत आढळली नाही. जानेवारी २०२१ मध्ये आई गेली. क्रेडिट माझ्या नावे करून घेण्यासाठी मी फोन केला, तेव्हा पलीकडची मुलगी अत्यंत सौजन्याने म्हणाली, "प्रवाशांची संमती लागेल सर, जरा त्यांना फोन देता का?" हस्तांतराची मुभा होती, पण हस्तांतर करणारेच माणूस उरले नसेल तर काय, यासाठी तिच्यासमोरच्या पडद्यावर रकाना नव्हता. मुदत उलटल्यावर रक्कम मूळ कार्डावर परत आली. आदेश नसता, तर ती आली असती असे मला वाटत नाही.

बँकेतल्या ठेवीला वारस असतो. क्रेडिटला बहुधा नसतो. त्याला फक्त नाव असते आणि तारीख असते. न वापरल्या गेलेल्या अशा रकमांना हिशेबाच्या परिभाषेत 'ब्रेकेज' म्हणतात आणि त्या रीतसर उत्पन्नात धरल्या जातात. आपले आजारपण, आपला विसर, आपले मरण यांचा सरासरी अंदाज कुठल्या तरी ताळेबंदात आधीच मांडलेला असतो.

आणि कंपनीच बुडाली तर? जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. दोन्ही अखेर अवसायनात निघाल्या. दिवाळखोरीत तिकीटधारक प्रवासी असुरक्षित धनको ठरतो; बँकांमागे, रांगेत बराच मागे उभा. धनको हे बिरुद त्याला मिळते ते असे, वसुलीची आशा संपत आल्यावर. वास्तविक तिकिटाचे पैसे आगाऊ भरले, त्या दिवसापासून तो धनकोच होता. त्याला कुणी तसे म्हटले नव्हते, इतकेच.