शबरीची बोर

शिरूरहून दौंडकडे येतांना घोडनदी मागें पडली, कीं पूर्वी भीमेपर्यंत बांधोबांधीं बोरी दिसत. पुढें कालव्यांचें पाणी आलें, उसाचे फड झाले आणि बांधावरील झाडांवर कुऱ्हाड चालली. आंबा असता तर कोणी रदबदली केली असती. बोरीचा कैवार कोण घेणार? १९७२ सालच्या दुष्काळांत विहिरी आटल्या असतां याच झाडांनीं आम्हां पोरांच्या खिशांत आणि शेळ्यांच्या पोटांत कांहीं तरी घातलें होतें. हिचे कांटे जोडीनें येतात, एक सरळ आणि एक आंकडीसारखा. सरळ रुततो, वांकडा सदरा सोडीत नाहीं.

बोरीचें कुळ मात्र थोर. यजुर्वेदांत सौत्रामणीच्या प्रकरणीं कुवल, कर्कंधू आणि बदर अशीं तीन जातींचीं बोरें येतात. वैद्यकांत कोल हें वजनाचें मापच आहे. बादरायणांच्या नांवांतही बदर बसलें आहे. परंतु जी बोर घरोघरीं लहान मुलांसही ठाऊक, ती शबरीची बोर वाल्मीकींच्या ग्रंथांत शोधूं जाल तर सांपडावयाची नाहीं. अरण्यकांडांतील शबरी पंपातीरीं मिळणारें नाना प्रकारचें वन्य अन्न रामासाठीं जमवून ठेविते, इतकेंच. बोराचें नांव नाहीं, आणि चाखून देण्याची गोष्ट तर नाहींच नाहीं. ती बोर मागाहून भक्तांनीं लाविली. १७१२ सालीं प्रियादासांनीं भक्तमाळेवर टीका लिहिली, तींत फळें चाखणारी शबरी भेटते.

हें सर्व आम्हांस ठाऊक होतें, आणि तेंच आम्हांस नडलें.

पस्तीसएक वर्षांपूर्वीं आम्ही शिरूर तालुक्यांतील एका खेड्यांत चौथीच्या वर्गास शिकवीत होतों. पौषांतली सकाळ होती. एका धनगराची मुलगी ओच्यांत बोरें घेऊन आली आणि तीं आमच्या टेबलावर ओतून म्हणाली, "गुरुजी, समदी गोड हायती. किडकं एक बी न्हाई." पाहतों तों प्रत्येक बोरास एका बाजूस दांतांची बारीक खूण! बोर वरून तांबूस दिसलें तरी आंत अळी असावयाची, म्हणून पोरीनें एक एक पारखून आणलें होतें. आम्ही म्हणालों, "उष्टें कोणी देतें का? जा, टाकून ये." ती कांहीं बोलली नाहीं. पुन्हा ओच्यांत भरून घेऊन गेली, आणि त्यानंतर तिनें आम्हांस कधीं कांहीं आणून दिलें नाहीं.

त्याच आठवड्यांत आम्ही वर्गांत शबरीची गोष्ट सांगितली होती, आणि सांगतांना आमचा कंठही दाटून आला होता. घरीं आल्यावर आमच्या कुटुंबानें हें ऐकून एवढेंच विचारलें, "मग रामानें काय केलें असतें?" आम्हीं तत्काळ अरण्यकांड काढून दाखविलें कीं, मुळांत उष्टीं बोरें नाहींतच! त्या म्हणाल्या, "असेल," आणि चुलीकडे वळल्या. ग्रंथाधार मिळाला कीं आमच्यासारख्यास दुसरें कांहीं लागत नाहीं. त्या रात्रीं मात्र झोंप लागली नाहीं.

यंदा संक्रांतीनंतर दौंडास आमच्या धाकट्या नातवाचें बोरन्हाण झालें. काळें झबलें, हलव्याचे दागिने, पाटाभोंवतीं शेजारचीं मुलें. बाजारांत हल्लीं सफरचंदाएवढीं गुळगुळीत बोरें मिळतात. तीं डोक्यावरून कशीं ओतावयाचीं? म्हणून आम्हीं स्टेशनाजवळ एका म्हातारीपाशीं गांवठी बोरें शोधून आणलीं. चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे आणि बोरें डोक्यावरून सांडतांच मुलांची झुंबड उडाली. मोठी नात म्हणाली, "आजोबा, शबरीची गोष्ट सांगा." आम्हीं सांगितली, चाखण्यासकट सांगितली, आणि पुढें त्या धनगराच्या मुलीचीही सांगितली. नात बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिचें नांव काय?" आम्हांस तें आठवेना.

इतक्यांत उत्सवमूर्तीनें मांडीवरचें एक बोर उचललें, त्याचा लचका तोडला, तोंड वांकडें केलें आणि उरलेलें आमच्या तोंडांत कोंबलें. फार आंबट होतें.