ठिपके मोजण्याआधी

पावट्याच्या शेंड्यांवर काळा मावा धरला की पाठोपाठ ढालकिडे येतात. यंदाही आले. लेडीबर्ड आहे एवढं पोरंही सांगतात. कुठला, हे विचारलं की मोठ्यांचीही बोबडी वळते. जगात सुमारे 6000 जाती आहेत, त्यामुळे त्यात लाजण्यासारखं काही नाही.

*

जो तो आधी ठिपके मोजतो. सात ठिपकेवाल्याच्या बाबतीत हा हिशेब जमतो: दोन्ही पंखांवर तीन-तीन, आणि मानेमागे मधोमध दोघांत वाटून घेतलेला सातवा. लिनियसनं 1758 मध्ये त्याचं नावच ‘सेप्टेमपंक्टाटा’ ठेवलं. हिवाळ्यात गहू-करडईवर तो आपल्याकडेही भेटतो.

पण घराजवळ बहुधा दिसतो तो मेनोचिलस. नावानं सहा ठिपक्यांचा, पाहावं तर पाठीवर नागमोडी काळ्या रेघा आणि मागं दोन ठिपके. त्यातही एखादा पिवळट, एखादा केशरी, एखादा जवळजवळ काळाच. एका पानावर बसलेले हे दोघं-तिघं सख्खे जातभाई आहेत यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

त्याच्याशी हमखास घोटाळा होतो तो कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिसचा. दोघांचंही बारसं कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसनं 1781 मध्ये केलं. अशा वेळी पंख सोडून डोक्यामागची ढाल पाहावी. ट्रान्सव्हर्सालिसची ढाल काळी, पुढच्या दोन कोपऱ्यांत तेवढे फिके डाग. मेनोचिलसची फिकी, तिच्यावर काळी खूण. निम्मे तंटे इथेच मिटतात.

*

ठिपक्यांवरून वय कळतं म्हणतात. साफ खोटं. कोषातून नुकताच निघालेला किडा फिका पिवळा, मऊ, बिनठिपक्यांचा असतो. रंग आणि नक्षी काही तासांत उमटते. तेवढ्यात कुणी फोटो काढला तर ‘नवी जात सापडली’ म्हणून गाजावाजा.

*

वांग्यावरचा वेगळा. त्याचं लॅटिन नाव अठ्ठावीस ठिपक्यांचं, पण सगळ्यांना तितके असतातच असं नाही. खरी खूण अंगावर: बारीक लव असल्यानं पाठ चकाकत नाही, मळकट दिसते. हा मावा खात नाही, पान खरवडतो. शिरा तेवढ्या उरून पानाची जाळी होते. अळी पिवळी, फांद्याफांद्यांच्या काट्यांची.

मावा खाणाऱ्यांची अळी राखाडी-काळी, त्यावर पिवळे-केशरी डाग, सुसरीच्या घाटाची. माव्याचा मोठा शत्रू हीच, आणि लोक चिरडतात तेही हिलाच.

*

नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना क्रिप्टोलेमस माहीत आहे. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 मध्ये कॉफीवरच्या खवलेकिडीसाठी भारतात आणलेला. काळसर पंख, नारिंगी डोकं, ठिपका एकही नाही. त्याची अळी पांढऱ्या मेणचट धाग्यांनी इतकी झाकलेली असते की ज्या पिठ्या ढेकणाला ती खाते तोच ती वाटते. बागेत नवखा गडी असेल तर तो आधी तिच्यावरच फवारा धरेल.

*

भोपळ्याच्या पानावर लिंबासारखा पिवळा, मानेवर दोन काळे ठिपके: इलीस. हा ना मावा खातो ना पान. भुरी चाटतो.

*

मोबाइलमधलं ओळख सांगणारं अ‍ॅप सरळ युरोप-अमेरिकेतली नावं ठोकून देतं, तेही छातीठोकपणे. दोन मिलिमीटरचे तपकिरी, लवदार ढालकिडे समोर आले की फोटोचं काहीच चालत नाही. नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय जात ठरत नाही. तिथं ‘स्किम्नससारखा’ एवढं लिहून थांबणं माझ्या मते जास्त प्रामाणिक.

*

ओळखीसाठी फोटो पाठवणाऱ्यांना विनंती: वरून एक काढा, समोरून डोक्याचा एक काढा, आणि झाडाचं नाव लिहायला विसरू नका. पान उलटून मावा आहे की जाळी, तेही कळवा. फवारणी त्यानंतर.