थंडी कोंढाळीला आली

आमच्या घरी थंडीला थांबे आहेत.

बाबा मूळचे परतवाड्याचे. सातपुड्याच्या पायथ्याशी, सापन नदीच्या काठी वाढलेले. नागपूरला अंबाझरीच्या आयुध निर्माणीत नोकरी लागली आणि आम्ही वाडीकर झालो. वाडीत डोंगर नाही. अमरावती रोड, त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि रात्रभर न थांबणारे ट्रक. पण नवरात्र बसलं की बाबा संध्याकाळी ओट्यावर येतात, पश्चिमेकडे बघतात आणि म्हणतात, "चिखलदऱ्याला पोचली असंल आता." कोण, ते आमच्यात कुणी विचारत नाही. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ती घाट उतरते. परतवाडा, अमरावती, तिवसा, तळेगाव, कोंढाळी आणि मग एका पहाटे वाडी. लहानपणी मला वाटायचं, ती एसटीनंच येते. खिडकीशी बसून, शाल पांघरून, एखाद्या आत्यासारखी.

यंदा हस्त नक्षत्र लागल्यावर मी तिला सामोरा गेलो. वाडीतून निघालो तेव्हा सकाळी नऊलाच सदरा पाठीला चिकटला होता. ऑक्टोबरची ही तलखी मे महिन्यातल्या उन्हापेक्षा जास्त जीव काढते. मे कोरडा असतो. ऑक्टोबरात जमीन आतून ओली असते, ढग सरलेले असतात, ऊन थेट मातीवर पडतं आणि मातीतून वाफ निघत राहते. पावसाळ्याचा नैर्ऋत्येचा वारा थांबलेला, उत्तरेचा कोरडा वारा अजून सुरू व्हायचा. दोन वाऱ्यांच्या मधल्या त्या खोळंब्यात झाडाचं पान हलत नाही. कोंढाळीच्या पुढे शेतांमधून सोयाबीन कापून पडलेलं होतं, गंज्या लागत होत्या. शेतकऱ्याला हेच ऊन हवं असतं. ह्या दिवसांत आभाळ भरून आलं तर शेंग काळी पडते, दाण्याला कोंब फुटतो. रस्त्याच्या कडेला तरोट्याची पिवळी फुलं संपत आली होती आणि नाल्यांच्या काठानं कास पांढराशुभ्र उभा होता.

परतवाडा सोडून घाट चढू लागलं की कानात आधी दडे बसतात आणि मग हवा बदलते. हिशेब सोपा आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, चिखलदरा १,११८ मीटरवर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे ह्या चढणीत पाच अंश. पण हे पाच अंश अंगाला आकड्यासारखे कळत नाहीत. एका वळणावर सागाच्या रानातून ओलसर झुळूक आत आली आणि गाडीतल्या सगळ्यांचं बोलणं एकदम थांबलं, एवढंच आठवतं.

देवी पॉइंटला दुपारी चारलाच ढग दरीतून वर आला. बाबांच्या भाषेत ही धुवारी. ती धावत येत नाही. काठापर्यंत येते, थबकते, कठड्याच्या गजांमधून बोटं घातल्यासारखी थोडी आत शिरते, आणि पाच मिनिटांत समोरचा माणूस नुसती आकृती होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफीच्या एका झुडपापाशी बराच वेळ उभा होतो. महाराष्ट्रात कॉफी होते ती इथे, हे शाळेत पाठ केलं होतं. झुडूप इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या झाडांच्या सावलीत, चकचकीत पानांच्या बगलेत हिरव्या फळांचे घोस चिकटून बसलेले. दोन फांद्यांच्या मध्ये कोळ्याचं जाळं, आणि त्याच्या प्रत्येक धाग्यावर दवाचे मणी एकाच मापाचे. ऊन वर आलं तसे ते खालच्या बाजूनं एकेक करून विझले. फळं तेवढी हिरवीच राहिली. थंडी मुरल्याशिवाय ती लाल होणार नाहीत.

तिथून बाबांना फोन केला. "पोचली," एवढंच म्हणालो. ते खूश झाले. मग विचारलं, "पहाटे पांघरूण लागते का?" मी हो म्हणालो. "मंग खरी."

परतताना मात्र त्यांच्या थांब्यांचा हिशेब जरा विस्कटला. मेळघाटात वाट दाखवणाऱ्या एका कोरकू दादानं सांगितलं, की खरी थंडी वर पठारावर नाही, खाली सिपना नदीच्या काठी असते. डिसेंबरात तिथे शेकोटीपासून उठवत नाही. त्याचं म्हणणं बरोबर आहे. निरभ्र, निवांत रात्री उतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी वाहत दरीच्या तळाशी साचते. मुळात थंडी रस्त्यानं येतच नाही. ढग गेले की जमीन दिवसभराची ऊब रात्री आभाळाला देऊन टाकते. चिखलदऱ्याला देते, तशी वाडीतही देते. वाडीला फक्त दिवसभराची तापण जास्त, म्हणून तिची बाकी फिटायला उशीर लागतो. जे मोकळं आभाळ दुपारी भाजून काढतं, तेच पहाटे गारवा धरतं. हे कळल्यापासून मला ऑक्टोबरच्या उन्हाचा राग येत नाही. पुढे उत्तरेचा वारा जोर धरून सातपुडा ओलांडतो तेव्हा बाकीचं काम तो करतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता.

घरी आलो तर वाडी तशीच तापलेली. दसरा आला, अमरावतीकडून दीक्षाभूमीला निघालेली माणसं घामानं भिजून पायी जाताना दिसली. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवलं, शेजारच्या मुलींनी भुलाबाईची शेवटची गाणी म्हटली, खिरापत ओळखली. तेव्हाही पंखा लावूनच झोपलो. पण खुणा येऊ लागल्या होत्या. बैतूलकडून, मुलताईच्या पठारावरून रात्रभर चालून आलेल्या ट्रकांचे ड्रायव्हर पहाटे चहाच्या टपरीवर कानाला मफलर गुंडाळून उतरू लागले. पहाटेचे हॉर्न अचानक अगदी दाराशी वाजल्यासारखे ऐकू येऊ लागले. जमिनीलगत गार हवेचा थर बसला की आवाज वर न जाता खाली वळतो. काटोलकडच्या एका बागेत आंबिया बहराची संत्री बघायला गेलो, तर ती भरलेली, पण हिरवी. बागवानानं एक फळ फिरवून दाखवलं. देठापासून दूर, खालच्या अंगाला, रुपयाएवढा पिवळट डाग. "गोडी भरली, भाऊ," तो म्हणाला. "पण रंग फुटाले थंड रात्री लागते." रात्री गार झाल्या की सालीतला हिरवेपणा ओसरतो आणि खालचा केशरी वर येतो. तो डाग मी अंगठ्यानं चाचपून पाहिला. तिथली साल इतर सालीसारखीच होती.

दिवाळीच्या दोन दिवस आधी आईनं ट्रंक उघडली. कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास घरभर झाला. गोधड्या गच्चीवर उन्हात पडल्या आणि संध्याकाळी उबेसकट घडी घालून आत आल्या.

दुसऱ्या पहाटे जाग आली ती पंखा बंद केल्याच्या आवाजानं. बाबा उठले होते. मागोमाग बाहेर आलो. ओट्यावर त्यांनी स्कूटरच्या सीटवर तळहात ठेवला होता, सपाट, दाबून. हात उचलला तेव्हा सीटवर कोरड्या हाताची खूण उमटली होती, भोवती सगळं ओलं. हात त्यांनी लुंगीला पुसला.

"कोंढाळी सोडली," ते म्हणाले.