अक्षर, शब्द, परिच्छेद

आमच्या पट्ट्यात शाळेचं वर्ष दोनदा सुरू होतं. पहिल्यांदा जूनच्या मध्यात. फुगे, रांगोळी, पहिलीच्या पोरांच्या हातात फूल, सरपंचांसोबत फोटो. दुसऱ्यांदा पायाभूत चाचणी होते तेव्हा. वर्गात नेमकं कोण बसलंय, हे मास्तरांना तेव्हा कळतं.

माझी ताई चाकणजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मी तिथून सात-आठ किलोमीटरवर, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मी मोशीत राहतो. सेकंड शिफ्ट असली की सकाळी मोकळा असतो, म्हणून गेल्या दोन वर्षांपासून अधूनमधून तिच्या वर्गात जातो. समाजसेवा वगैरे काही नाही. पहिल्यांदा तिच्या प्रिंटरचं शाईचं खोकं द्यायला गेलो होतो आणि तिने हातात गोष्टीचं पुस्तक देऊन चार पोरं समोर बसवली.

चाकणच्या आजूबाजूच्या शाळांमधली पटसंख्या हे वेगळंच प्रकरण आहे. राज्यात कितीतरी गावांत पोरं नाहीत म्हणून शाळा बंद पडायच्या बेतात आहेत आणि इथे खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, कुरुळीकडे पोरं मावत नाहीत. गाववाल्यांची मुलं बऱ्याच अंशी इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये बसून जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत येतात ती दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्यांमधली. बाप कंत्राटी हेल्पर, आई पॅकिंगला किंवा धुणीभांड्याला. कुणी नांदेडचं, कुणी बीडचं, कुणी यवतमाळचं आणि बाकी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा. एका वर्गात पाच-सहा घरभाषा असतात. पुस्तक अर्थात एकच.

पोरं कुठे आहेत हे मोजायची पट्टी साधी आहे. प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीमुळे ही शिडी घराघरांत पोहोचली. 'असर'च्या 2024 च्या अहवालात देशभरातल्या तिसरीच्या 27.1 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. 2022 मध्ये, कोरोनानंतर, हा आकडा 20.5 होता. 2018 मध्ये 27.3. म्हणजे सहा वर्षांनी आपण जिथे होतो तिथे परत आलो, आणि सुधारणा झाली म्हणून बातम्याही आल्या. दोन्ही खरं आहे.

गंमत अशी की 'असर' ग्रामीण भागाची पाहणी करतं. पिंपरी-चिंचवड त्यात येत नाही. आणि चाकण? कागदावर नगरपरिषद, रस्त्यावर महानगर, शाळा जिल्हा परिषदेची. आमचा पट्टा कुठल्याच सरासरीत धड बसत नाही.

जुलै 2021 मध्ये केंद्राने 'निपुण भारत' सुरू केलं. 2026-27 पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हे ध्येय. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत, असंही त्यात आहे. महाराष्ट्राने 2025 च्या मार्चमध्ये दुसरी ते पाचवीसाठी खास कृती कार्यक्रम काढला. त्यात चावडी वाचन आलं. पोराने गावासमोर, पालकांसमोर उभं राहून वाचायचं.

मला हे ऐकून आमचं कस्टमर ऑडिट आठवलं. ऑडिटच्या आदल्या दिवशी आमचा शॉप फ्लोअर आरशासारखा चमकतो. पिवळे पट्टे नव्याने मारले जातात, प्रत्येक गेजवर कॅलिब्रेशनचं स्टिकर. ताईला म्हटलं, "म्हणजे हुशार पोरं पुढे आणि बाकीची मागे लपवणार ना तुम्ही?"

"लपवायला जागा कुठंय?" ती म्हणाली. "बसायलाच नाहीये."

पण तिचं उत्तर तेवढ्यावर संपत नव्हतं. तिच्या मते मोजण्याला तिचा विरोध नाहीच. पूर्वी पोरगं चौथीत जाईपर्यंत त्याला वाचता येत नाही हे कुणाच्या लक्षात येत नसे. आता ऑगस्टमध्ये येतं. राग याचा, की मोजून झाल्यावर शिकवायला वेळ उरत नाही. युडायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, आधारची पडताळणी, मतदार यादीचं काम. कंपनीत मी दिवसभर मोजमापच करतो, पण पार्ट बनवायला दुसरा माणूस असतो. इथे मशीन चालवणारा, मोजणारा, रिपोर्ट भरणारा आणि वर खिचडीचं मीठ चाखणारा, एकच.

तरी वाचन सुधारतं. कसं, ते मी पाहिलंय. ताईने सकाळचा पाऊण तास इयत्ता बाजूला ठेवली. तिसरी-चौथी-पाचवीची पोरं स्तराप्रमाणे बसतात. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे. गोष्ट वाचणारी पोरं शब्दवाल्यांना वाचून दाखवतात. यात नवीन काही नाही. याच खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेत दत्तात्रय वारे गुरुजींनी 'विषयमित्र' ही पद्धत वापरली, मोठी-लहान पोरं एकमेकांना शिकवतात. पटावर जेमतेम तीन पोरं उरलेली ती शाळा 2025 मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार घेऊन आली. बातमी आल्यावर आमच्या कंपनीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी ती फॉरवर्ड केली. त्यातल्या एकाचंही पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत नाही. (माझं लग्न व्हायचंय, त्यामुळे मला बोलायला काय जातंय.)

गेल्या वर्षी चौथीत एक मुलगी आली. मूळ गाव बिहारमधलं, वय नऊ, त्याआधी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयानुसार वर्ग द्यावा लागतो, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. म्हणून थेट चौथी. पायाभूत चाचणीत तिची पाटी कोरी होती. मराठी तिला दुकानापुरती यायची.

ती माझ्या वाट्याला आली. पहिला आठवडा ती माझ्याकडे बघून नुसती हसायची. मग तिला कळलं की मी कंपनीत जातो. तिने विचारलं, "भैया, गाडी पे जो लिखा रहता है, वो पढ़ना सिखाओगे?" आम्ही तिथून सुरुवात केली. टेम्पोच्या मागचं 'आई', रिक्षावरचं 'माऊली', भाड्याच्या खोलीच्या भिंतीवरचं 'खोली भाड्याने देणे आहे'. 'ळ' तिला जमायचा नाही. 'शाला' म्हणायची. मी दुरुस्त करायचो, ताई म्हणाली राहू दे, समजतंय ना तिला?

सप्टेंबरच्या शेवटी ती शब्दांवर आली. ऑक्टोबरात एका सकाळी बोट ठेवत, अडखळत, पूर्ण परिच्छेद वाचला. मिनिटाला 60 शब्द सोडा, वीसही नसतील. पण परिच्छेदात बकरी का पळाली हे तिने न विचारता मला हिंदीत सांगितलं आणि वर बकरीची चूक नव्हती असंही म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ती नव्हती. बापाचं कंत्राट संपलं होतं. शेजारच्या खोलीतली बाई म्हणाली, सानंदला गेले, गुजरातमध्ये. तिकडेही गाड्याच बनतात.

स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं. त्यावर मुलाची प्रगती लिहून द्यायची, म्हणजे पुढच्या शाळेला कळतं. ताईने ते भरलं होतं, तिचा स्तर 'परिच्छेद' असा ठळक लिहिला होता. पण द्यायचं कुणाला? आई-बाप न सांगता गेले, खोलीचं भाडं थकलं असावं. पत्रक मराठीत होतं, तो वेगळा प्रश्न.

पहिल्या सत्राच्या अहवालात वर्गाची प्रगती चांगली दिसली. जी मुलं पटावरून गेली ती खालीही मोजली जात नाहीत आणि वरही. आमच्याकडे लॉटमधला एक पार्ट हरवला तर तो सापडेपर्यंत डिस्पॅच थांबतो. हे मी ताईला सांगितलं नाही. तिने एका नव्या पोराला माझ्यासमोर बसवलं होतं. हिंगोलीहून आलेला, तिसरीत, अक्षरांवर. त्याने विचारलं, "सर, तुमची गाडी कोणती?"